लवणे, राखणे, आवरणे : छोट्या शर्यतगाड्यांतील सस्पेन्शन-रचनांची तुलना

१. शब्द एक, कामे तीन

'सस्पेन्शन' या इंग्रजी शब्दास मराठीत एकच प्रतिशब्द द्यावयाचा झाल्यास 'निलंबन' हा सहज सुचतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. टांगून ठेवणे, लोंबते ठेवणे हा इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ त्यात जसाच्या तसा उतरला आहे. परंतु रूढ मराठीत निलंबन होते ते नोकराचे. 'गाडीचे निलंबन' असे म्हटल्यास तिचा परवाना काढून घेतला असावा, असाच समज व्हावयाचा. मोटारदुरुस्ती करणाऱ्या कारागिराला ही अडचण भासत नाही. तो संपूर्ण व्यवस्थेला 'सस्पेन्शन' म्हणतो आणि तिच्या भागांना 'कमान', 'पाटा', 'बुश', 'शॉकअब्झॉर्बर' अशी निरनिराळी नावे देतो. कोशकार आणि कारागीर यांच्या भाषाव्यवहारांतील हा फरक केवळ संस्कृत की इंग्रजी एवढ्या निवडीचा नाही. कोशकार एका नावाच्या शोधात असतो; कारागिराच्या डोळ्यांपुढे अनेक कामे असतात.

ही कामे मुख्यतः तीन होत. पहिले काम लवण्याचे. चाकाखाली उंचवटा आला असता चाकाने वर जावे आणि खळगा आला असता खाली यावे, परंतु गाडीच्या अंगाने त्याबरोबर उसळू नये, यासाठी मध्ये काहीतरी दबणारे व पुन्हा मूळ स्थितीवर येणारे असावे लागते. दुसरे काम राखण्याचे. चाकाने वर-खाली व्हावे, पण मागेपुढे सरकू नये, वाकडे होऊ नये, आपली रेघ सोडू नये. तिसरे काम आवरण्याचे. दबलेली कमान धक्का साठवून ठेवते, नाहीसा करीत नाही. सुटल्यावर ती उलट बाजूस उसळते आणि गाडी डोलत राहते. हे डोलणे घर्षणाने जिरवून टाकणारा निराळा भाग नसेल, तर कमान असून नसल्यासारखी.

या तीन कामांची वाटणी कोणत्या भागाकडे कशी केली आहे, यावरून सस्पेन्शनच्या रचना एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. प्रस्तुत लेखात ही वाटणी रेडिओच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या फॉर्म्युला जातीच्या छोट्या शर्यतगाड्यांच्या आधारे पाहावयाची आहे. तुलनेचा आरंभ मात्र चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील शंकरपटाच्या छकड्यापासून केला आहे. त्यात कमान मुळीच नसते. आणि कमान का नसते, हे कळल्यावाचून ती कोठे व का असावी, हे नीट कळत नाही.

२. कमान नसलेली शर्यतगाडी

झाडीपट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भात भाताची कापणी आटोपली म्हणजे शंकरपट भरतात. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा तेथील प्रघात असून वडसा-देसाईगंज येथे केंद्र असलेली झाडीपट्टीची रंगभूमी या जोडीनेच वाढली. पटात बैलांची जोडी हलका छकडा घेऊन सरळ वाटेने धावते. शर्यत काही सेकंदांत संपते. हाकणाऱ्यास 'धुरकरी' म्हणतात. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अशा शर्यती बंद झाल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली; डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्त कायदा वैध ठरविला.

छकड्याची रचना थोडक्यात अशी : दोन चाके, त्यांना जोडणारा आख, आखावर साटा, साट्यापासून पुढे जाणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला दोराने आवळलेले जू. आखाला कमान नाही, साट्याखाली पाटा नाही. म्हणून त्यात धक्का झेलण्याची व्यवस्थाच नाही, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. ते खरे नाही.

पहिली गोष्ट अशी की, छकडा तीन ठिकाणी टेकलेला असतो : दोन चाकांवर आणि जुवावर. तीन पायांचे तिवई-स्टूल कितीही उंचसखल जमिनीवर ठेवले तरी डुगडुगत नाही. चार पायांचा चौरंग डुगडुगतो. दोनचाकी गाडीची चाके याच कारणाने नेहमी जमिनीला लागू पाहतात. एक चाक दगडावर चढले, तर साटा कलतो, त्याबरोबर दांडी आपल्या अंगाभोवती थोडी फिरते, आणि जुवाजवळची दोराची बांधणी सैल असल्याने ते फिरणे बैलांच्या मानेपर्यंत पूर्णपणे पोचत नाही. कारागीर या सैलपणाला 'खेळ' म्हणतो. येथील खेळ हा दोष नसून योजना आहे.

दुसरी गोष्ट चाकाच्या आकाराची. वीस सेंटिमीटर रुंदीच्या खळग्यावरून सव्वा मीटरच्या आसपास व्यासाचे चाक गेले, तर ते जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटर खाली उतरते. चाळीस सेंटिमीटर व्यासाचे चाक त्याच खळग्यात पावणेतीन सेंटिमीटर उतरते. मालवाहू बंडीचे मोठे चाक हे या अर्थाने कमानीचेच काम करते. ('बंडी' हा पूर्व विदर्भात बैलगाडीसाठी रूढ असलेला शब्द तेलुगूतही त्याच अर्थाने आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.)

तिसरी गोष्ट लाकडाची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत साग पुष्कळ. पण जेथे वाकून पुन्हा सरळ होणारे लाकूड हवे तेथे धावडा आणि धामण यांची योजना होत आली. धामणीचे लाकूड धनुष्यासाठी आणि कावडीच्या दांड्यासाठी नावाजलेले आहे. कावड हे सस्पेन्शनचे सर्वांत साधे उदाहरण होय : चालणाऱ्याचा खांदा प्रत्येक पावलाला वर-खाली होतो, दांडा लवतो, आणि दोन्ही टोकांचे ओझे जवळजवळ एकाच उंचीवर तरंगत पुढे जाते. मराठीतील 'कमान' हा शब्दही मुळात फारसी असून त्याचा अर्थ धनुष्य असाच आहे.

चौथी आणि शर्यतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे धुरकरी स्वतः. वाकलेले गुडघे लवतात आणि मांडीचे स्नायू आवरतात; लवणे आणि आवरणे ही दोन्ही कामे माणसाचे शरीर करते. राखण्याचे काम तेवढे आख आणि दांडी यांच्याकडे उरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एवढ्या वेगात धावणाऱ्या गाडीला कमान का नको? कारण छकड्याची चाके गाडीला ढकलीत नाहीत. जोर बैलांच्या खुरांतून जमिनीला लागतो. चाके केवळ फिरत असतात. उंचवट्यावर छकडा क्षणभर अधांतरी झाला तरी वेगाची हानी फारशी होत नाही. वाट सरळ असल्याने वळणावर चाकाने जमीन धरून ठेवण्याचाही प्रश्न नाही. याउलट कमान बसविली, तर वजन वाढते. छकड्याला कमान नसणे हे अज्ञानाचे लक्षण नसून त्याच्या कामाशी सुसंगत असे आहे.

तथापि धक्का नाहीसा झालेला नसतो. तो कोणीतरी सोसतोच. जुवाखालची मान हे त्याचे शेवटचे ठिकाण. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकण्याचा आणि लोण्या-हळदीने मळण्याचा जो विधी आहे, त्याला विदर्भात 'खांदशेकणी' आणि अन्यत्र 'खांदेमळणी' म्हणतात. धक्क्याचा हिशेब कोणाच्या अंगावर मांडला जातो, याची जाणीव या शब्दांत जपलेली आहे. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा आग्रह धरला, तेव्हा जुवामुळे होणारी इजा हा त्यांच्या प्रतिपादनातील प्रमुख मुद्दा होता.

३. लहान गाडीचे गणित

रेडिओ-नियंत्रित फॉर्म्युला गाडी ही खऱ्या शर्यतगाडीची बहुधा एक-दशांश प्रमाणातील प्रतिकृती असते. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी टायरेल पी-३४ ही सहा चाकांची फॉर्म्युला गाडी एक-दशांश प्रमाणात सादर केली. तेव्हापासून या जातीच्या गाड्यांची परंपरा अखंड चालू आहे. त्या विजेच्या मोटारीवर चालतात, त्यांचे वजन किलोभर किंवा थोडे अधिक असते, आणि जोर बहुधा मागच्या दोन चाकांनाच दिलेला असतो.

छकडा आणि ही गाडी यांतील मूलभूत भेद येथेच स्पष्ट होतो. या गाडीला ढकलणे, वळविणे आणि थांबविणे ही तिन्ही कामे जमिनीला टेकलेल्या चार लहान जागांतूनच व्हावयाची असतात. चाक क्षणभर सुटले की तेवढा वेळ गाडी चालकाच्या ताब्यातून गेली. शिवाय चालक गाडीत नसतो. धुरकऱ्याला गचका कळतो तो पायांतून आणि पाठीतून. रेडिओने गाडी चालविणाऱ्याला तो केवळ डोळ्यांनी, तोही दुरून, ओळखावा लागतो. माणसाचे गुडघे जे काम आपोआप करीत होते, ते सारे येथे यंत्राला आधीच नेमून द्यावे लागते.

लहानपणामुळे आणखी एक अडचण उद्भवते. लांबी एक-दशांश केली, तर आकारमान आणि त्यासोबत वजन एक-सहस्रांश व्हावयास हवे. २०२३ साली फॉर्म्युला वनच्या गाडीचे किमान वजन ७९८ किलो होते. त्याचा सहस्रांश म्हणजे सुमारे आठशे ग्रॅम, आणि छोट्या गाडीचे वजन त्याच्या जवळपासच आहे. परंतु गुरुत्वाकर्षण एक-दशांश होत नाही, आणि रस्त्यावरचा खडाही होत नाही. साठ मिलिमीटर व्यासाचे चाक दोन सेंटिमीटरच्या भेगेवरून गेले तर पावणेदोन मिलिमीटर खाली उतरते. आणि गाडीचा तळ जमिनीपासून सारा चार-पाच मिलिमीटर वर असतो.

यातून असे निष्पन्न होते की, कमानीला लवण्यासाठी जागा फार थोडी मिळते. गाडीच्या स्वतःच्या भाराने कमान जितकी दबते, तितका तिच्या डोलण्याचा वेग ठरतो. वीस सेंटिमीटर दबणारी कमान सेकंदाला सुमारे एकदा डोलेल. दोन मिलिमीटर दबणारी सेकंदाला सुमारे अकरा वेळा डोलेल. पहिल्या डोलण्याला मराठीत 'हेलकावा' म्हणता येईल, दुसऱ्याला 'थरथर' हाच शब्द योग्य. छोट्या गाडीचे सस्पेन्शन हे बहुतांशी हेलकाव्याचे नसून थरथरीचे शास्त्र आहे. म्हणूनच आवरण्याच्या कामाला तेथे फार महत्त्व येते.

४. टी-पट्टी : एका भागाकडे सर्व कामे

या गाड्यांची सर्वांत प्रचलित राहिलेली रचना पुढीलप्रमाणे असते. गाडीचा मुख्य तळ म्हणजे एक सपाट पत्रा. त्यावर विजेरी व रेडिओचे भाग बसतात आणि पुढची चाके त्यालाच जोडलेली असतात. मोटार, मागचा आख आणि मागची दोन चाके मिळून एक वेगळा पेटीवजा भाग होतो. हा मागचा भाग आणि मुख्य तळ यांना जोडते ती इंग्रजी टी या अक्षराच्या आकाराची एक पातळ पट्टी. आडवा भाग मागच्या पेटीला, उभा भाग तळाला. ती काचतंतूंची किंवा कार्बनतंतूंची केलेली असते. तामियाच्या १९९० नंतरच्या दशकातील एफ-१०३ आणि २००९ मधील एफ-१०४ या गाड्यांत हीच योजना आहे.

मागची दोन्ही चाके एकाच सरळ आखावर आहेत. त्यांना परस्परांपासून स्वातंत्र्य नाही. या बाबतीत ती छकड्याच्या चाकांचीच भावंडे होत. मात्र गाडीला चार चाके असल्याने चौरंगाचा डुगडुगण्याचा दोष आला. त्यावर टी-पट्टीचा उपाय असा की, पट्टी पीळ घेते. एक मागचे चाक उंचावले, तर मागची पेटी कलते, पट्टीत पीळ पडतो आणि पुढचा तळ सपाट राहतो. छकड्यात दांडीचे आपल्या अंगाभोवती फिरणे आणि जुवाच्या दोराचा खेळ जे साधतात, तेच येथे पट्टीचा पीळ साधतो.

पट्टीचे काम एवढ्यावर संपत नाही. गाडीने वेग घेतला किंवा उंचवटा ओलांडला, तर ती उभ्या दिशेने लवते. मागची पेटी मागेपुढे वा आडवी सरकू नये, हे राखण्याचे कामही तिचेच. फक्त आवरण्याचे काम तिला जमत नाही. त्यासाठी पेटी आणि तळ यांच्यामध्ये माथ्यावर तेलाने भरलेली नळी बसवितात, जिच्यातील दट्ट्या तेलातून सरकताना डोलणे जिरवतो. जुन्या किंवा स्वस्त गाड्यांत त्याऐवजी चिकट ग्रीस लावलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत असतात.

या रचनेचा गुण तिच्या साधेपणात आहे. भाग थोडे, वजन कमी, किंमत कमी. सपाट व स्वच्छ वाटेवर तिचे वर्तन समाधानकारक असते. दोषही त्याच साधेपणातून येतो. पट्टी मऊ घेतली, तर वळणावर गाडी अधिक कलते, पण त्यासोबत उभ्या दिशेनेही अधिक लवते. एक गोष्ट बदलावी आणि दुसरी तशीच राहावी, हे शक्य नसते. जोराची टक्कर झाल्यास पट्टी मोडते. त्याहून सूक्ष्म दोष म्हणजे पट्टीत कायमचा पीळ राहणे. मळसूत्रे कमीजास्त आवळली गेली की असे होते. मग गाडी डावीकडे जशी वळते, तशी उजवीकडे वळत नाही. याची परीक्षा सोपी आहे. गाडी काचेवर ठेवावी आणि पुढच्या टोकाला बरोबर मध्यभागी सुरीचे अग्र लावून हळूच उचलावी. दोन्ही चाके एकदम सुटली, तर पट्टी सरळ. एक आधी सुटले, तर पीळ आहे.

५. दुवे आणि मधला सांधा : कामांची वाटणी

दुसऱ्या रचनेत टी-पट्टी काढून टाकलेली असते. तिच्या जागी मध्यभागी गोलकाचा एक सांधा आणि दोन्ही बाजूंस एकेक दुवा असतो. दुव्यांच्या टोकांनाही गोलक असल्याने ते कोणत्याही दिशेने विनासायास फिरतात. दुवे आणि सांधा मिळून केवळ राखण्याचे काम करतात. लवण्याशी त्यांचा संबंध नाही. कलण्याला विरोध करतात त्या दोन बाजूंच्या दोन लहान कमानी. उभ्या दिशेने लवते ती माथ्यावरची कमान. आवरण्याचे कामही असेच विभागलेले असते : कलणे आवरण्यासाठी बाजूंना दाट तेल भरलेल्या दोन नळ्या, आणि उभे डोलणे आवरण्यासाठी माथ्यावरची नळी.

टी-पट्टीकडे एकवटलेली कामे येथे चार-पाच भागांत वाटली गेली. परिणामी प्रत्येक गुण स्वतंत्रपणे बदलता येतो. वाट निसरडी असेल, तर बाजूच्या कमानी मऊ घ्याव्यात. उभ्या दिशेचा कडकपणा त्याने बदलत नाही. डावी-उजवी विषमता आढळली, तर बाजूच्या एका कमानीचे मळसूत्र थोडे फिरविल्याने ती दूर होते. मोडून पडेल अशी पट्टी राहिली नाही. किंमत मात्र द्यावी लागते. भाग वाढले, सांध्यांची संख्या वाढली, आणि प्रत्येक सांधा झिजून त्यात नको असलेला खेळ येऊ लागला. याहून मोठी किंमत ज्ञानाची आहे. पाच गोष्टी स्वतंत्रपणे बदलता येतात, याचाच अर्थ पाच गोष्टी स्वतंत्रपणे चुकविताही येतात.

पुढच्या चाकांची व्यवस्था वरील दोन्ही रचनांत बहुधा सारखीच असते. चाकाचा उभा खिळा लहान कमानीच्या आधाराने वर-खाली सरकतो आणि त्याच खिळ्याभोवती चाक वळते. लवण्याची मर्यादा एक-दोन मिलिमीटरची. आवरण्यासाठी त्या खिळ्यालाच दाट तेल लावतात. लवणे कमानीकडे, आवरणे तेलाकडे आणि राखणे खिळ्याकडे, अशी ही छोटी पण स्वच्छ वाटणी आहे.

६. चारही चाकांना स्वातंत्र्य

तिसऱ्या रचनेत प्रत्येक चाक निराळे टांगलेले असते. वर-खाली दोन हात, त्यांना जोडलेला चाकाचा खिळा, आणि हातांवर कमान व तेलाची नळी. खऱ्या फॉर्म्युला गाडीची रचना तत्त्वतः हीच होय. हाँगकाँगच्या थ्रीरेसिंग कंपनीची एफजीएक्स ही मागच्या चाकांना जोर देणारी गाडी आणि तामियाची एफ-२०१ ही चारही चाकांना जोर देणारी गाडी, ही या प्रकाराची दोन उदाहरणे.

एका चाकाचा धक्का दुसऱ्याला न पोचणे, हा या रचनेचा मुख्य लाभ. खडबडीत वाटेवर तो स्पष्ट दिसून येतो. शिवाय हातांच्या लांबी व कोन बदलून, गाडी कलली असता चाकाने जमिनीशी कोणता कोन करावा, हेही ठरविता येते. परंतु मागचा सरळ आख गेल्यामुळे प्रत्येक चाकाकडे सांध्यांचा वेगळा दांडा न्यावा लागतो, मध्ये दातेरी चाकांची पेटी येते, आणि वजन वाढते. चार-पाच मिलिमीटर उंचीवर धावणाऱ्या किलोभर वजनाच्या गाडीला हातांच्या लांब हालचालीचा पुरेपूर उपयोग करून घेण्यास जागाच नसते. म्हणून गुळगुळीत वाटेवर दुव्यांच्या साध्या गाड्या तिची बरोबरी करतात, आणि त्यांची देखभालही सोपी असते.

रचना जितकी खऱ्या गाडीसारखी तितकी चांगली, हा समज यावरून दुरुस्त व्हावा. खऱ्या गाड्यांचा इतिहासही असेच सांगतो. १९९२ साली विल्यम्स एफडब्ल्यू-१४बी या गाडीत यंत्रणेनेच क्षणोक्षणी नियंत्रित होणारे सस्पेन्शन होते. त्या वर्षीचे अजिंक्यपद तिने मिळविले, आणि १९९४ पासून नियमांनी ते बंद केले. कोणती रचना श्रेष्ठ, हे यंत्राच्या सामर्थ्याबरोबर वाट, नियम आणि खर्च यांवरही अवलंबून असते.

७. तुलनेचे फलित

चारही रचना एकत्र ठेवून पाहिल्यास भेद कमानींच्या संख्येत नाही, हे ध्यानात येते. छकड्यात राखणे आख आणि दांडीकडे आहे, लवणे व आवरणे लाकूड, दोर आणि धुरकऱ्याचे शरीर यांच्याकडे. टी-पट्टीत लवणे आणि राखणे एकाच भागाकडे, आवरणे दुसऱ्याकडे. दुव्यांच्या रचनेत तिन्ही कामे वेगळी, आणि लवणे व आवरणे ही दोन दिशांनुसार पुन्हा विभागलेली. चौथ्या रचनेत हीच वाटणी प्रत्येक चाकाशी पुनरावृत्त झालेली. वाटणी वाढत जाते, तसे जुळवणीचे स्वातंत्र्य वाढते आणि त्याबरोबर वजन, किंमत व चुकीच्या शक्यताही वाढतात. वाट सरळ असून जोर चाकांतून येत नसेल, तेव्हा वाटणीची गरज नसते. वाट सपाट, वळणे अनेक आणि साधने थोडी असतील, तेव्हा टी-पट्टी पुरेशी ठरते. वाट बदलती असून जुळवणी करणारा जाणता असेल, तेव्हा दुव्यांची रचना उपयुक्त. वाट खडबडीत असेल, तेव्हाच चारही चाकांचे स्वातंत्र्य आपली किंमत भरून काढते.

८. परिभाषेविषयी

ही तुलना 'निलंबन' या एका शब्दाच्या बळावर करता आली नसती. 'एका गाडीत एका प्रकारचे निलंबन आहे, दुसरीत दुसऱ्या प्रकारचे' एवढेच विधान त्या शब्दाने होते. ती करता आली ती लवणे, राखणे, आवरणे, पीळ, खेळ, दुवा, सांधा, दट्ट्या या शब्दांमुळे. आणि यांतील एकही शब्द नव्याने घडविलेला नाही. धक्क्यांच्या नावांतही मराठी अशीच काटेकोर आहे. 'दणका' हा एकदम बसणारा आघात, 'गचका' हा खळग्यात चाक उतरल्याचा, 'हिसका' हा ओढीच्या दिशेचा, 'हेलकावा' हा संथ डोलण्याचा आणि 'थरथर' ही जलद कंपनाची. अभियंत्याला दिशा आणि वेग यांनुसार जे भेद करावे लागतात, त्यांतील बरेच बैलगाडीतून प्रवास करणाऱ्याने आधीच करून ठेवले आहेत.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ कोशांपुरता राहिलेला नाही. आलापल्ली किंवा सिंदेवाहीकडील विद्यार्थ्यापुढे मराठी पाठ्यपुस्तक ठेवले आणि त्यात त्याला इंग्रजीइतकेच अपरिचित असे संस्कृत शब्द भेटले, तर भाषा बदलून त्याच्या पदरात काही पडले असे होत नाही. त्याच्या गावच्या सुताराला पीळ आणि खेळ यांतील भेद ठाऊक असतो. तो भेद पाठ्यपुस्तकाच्या पानावर आला, तर विद्यार्थ्याला निम्मा विषय आधीच अवगत असतो.

शब्दसंकलनाच्या दृष्टीने येथे घाई करण्याचे कारणही आहे. बैलगाडी घडविण्याचा व्यवसाय आक्रसत चालला आहे, आणि २०१४ ते २०२१ या काळात पट बंद असल्याने शर्यतीच्या छकड्याची मागणीच थांबली होती. वस्तू घडविणे थांबले की तिच्या भागांची नावे काही काळ टिकतात, परंतु त्या भागांच्या वर्तनाविषयीचे शब्द त्याआधी जातात. यास्तव क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने सुताराच्या कामाच्या जागी गेल्यावर 'याला काय म्हणतात?' एवढेच विचारून थांबू नये. 'हे काय करते?', 'हे सैल झाले तर काय होते?', 'हे फार आवळले तर बैलाला कसे कळते?' असे प्रश्न विचारावेत. पहिल्या प्रश्नाने नामांची यादी मिळेल. पुढच्या प्रश्नांनी क्रियापदे मिळतील, आणि यंत्रशास्त्राच्या मराठीला आज अधिक गरज क्रियापदांची आहे.